धनगरवाड्याचा जंगलावरचा हक्क : दाखल्याची वाट न बघता काय करता येतं

शाहूवाडी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वाडा मूळ गावापासून लांब डोंगरात आहे. भोवती राखीव वन आणि वरच्या अंगाला व्याघ्र प्रकल्पाची हद्द. वनखात्याची माणसं येऊन सांगतात, "तुम्ही आदिवासी नाही, वनहक्क कायदा तुम्हाला लागू नाही. पंधरा लाखांचं पॅकेज आहे, ते घ्या आणि खाली उतरा." वाड्यावरची वडीलधारी म्हणतात, अनुसूचित जमातीचा दाखला मिळू दे, मग बघू. एका शिबिरात गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव ऐकून आलेल्या पोरांना वाटतं, आपणही वेशीवर फलक लावून आपलं सरकार जाहीर करावं. आणि वनहक्कासाठी मागतात तो पंचाहत्तर वर्षांचा कागद म्हणाल तर कुणाकडंच नाही. मग आमचा हक्क आहे तरी किती?

मी कोल्हापुरात वकिली करतो आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांतली वनहक्काची कामं बरीच वर्षं हाताळतोय. माझं सरळ मत सांगतो : दाखल्याची वाट बघू नका, फलकही लावू नका. तुमच्या वाड्याची स्वतंत्र ग्रामसभा बसवा आणि तिच्यामार्फत आधी सामूहिक दावा दाखल करा. आज कायद्यानं तुमच्या हातात आलेलं स्वशासन तेवढंच आहे, पण ते कमी नाही. पुराव्याचं म्हणाल, तर तो बहुतेक वेळा कोल्हापुरातच कुठल्यातरी दप्तरात बांधून पडलेला असतो.

आधी दाखल्याचा प्रश्न बाजूला करू. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात आहे, साडेतीन टक्के आरक्षणात. अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली ठरते आणि तिच्यात बदल करायचा अधिकार फक्त संसदेला आहे. धनगरांना अनुसूचित जमातीत धरावं म्हणून केलेल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. त्या मागणीबद्दल तुमच्या मनात जे असेल ते असो, ती राजकीय लढाई आहे आणि ती आपल्या गतीनं चालेल. पण २००६ च्या कायद्याचं पूर्ण नाव वाचा : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. संसदेनं 'इतर पारंपरिक वननिवासी' ही माणसं मुद्दाम त्यात घेतली. तुम्ही त्या गटात बसता. जातीचा दाखला त्यासाठी लागत नाही. लागतं ते इतकंच, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे कायद्याच्या हिशोबानं पंचाहत्तर वर्षं, तुमची माणसं मुख्यतः जंगलात किंवा जंगलाच्या आधारानं राहत होती आणि खऱ्याखुऱ्या उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून होती, हे दाखवणं.

'तुम्ही आदिवासी नाही म्हणून तुम्हाला लागू नाही' असं कुणी तोंडी सांगितलं, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एवढं लिहून द्या." माझ्या अनुभवात असं लेखी कुणी देत नाही.

आता पेसा आणि फलकाचं. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत जे प्रदेश 'अनुसूचित क्षेत्र' म्हणून जाहीर झालेत, तिथंच १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, चालतो. महाराष्ट्रात ठाणे, पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा तेरा जिल्ह्यांत कुठं पूर्ण तर कुठं काही भाग अनुसूचित आहे. कोल्हापूर त्यात नाही. आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक टक्क्याच्याही आत आहे, त्यामुळं नजीकच्या काळात इथं पेसा येईल असं धरून चालू नका. फलक लावून 'आमच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश नाही' असं लिहिलंत, तर त्याला कायद्याचा आधार नाही. उलट गुन्हे दाखल व्हायला निमित्त मिळतं आणि पोरांची करिअर त्यात अडकतात.

मेंढा-लेखाचं उदाहरण मात्र नीट समजून घ्या, कारण त्यातला खरा धडा फलकात नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागं वर्षानुवर्षं बसलेली ग्रामसभा, एकमतानं निर्णय घ्यायची सवय आणि गावात चालवलेले अभ्यासगट होते. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो पेसातून नव्हे, वनहक्क कायद्यातून. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखातं देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हा कायदा मेंढा-लेखाला जितका लागू आहे तितकाच शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि गगनबावड्यालाही आहे.

तर सुरुवात ग्रामसभेपासून. इथं बहुतेक वाडे पहिल्याच पायरीला घसरतात. ग्रामपंचायतीची ग्रामसभा मूळ गावात भरते. तिथं तुमची वीस घरं आणि त्यांची चारशे. तिथं वनहक्काचा विषय निघाला तरी तुमचा ठराव मागं पडतो, किंवा दावे तपासणारी गावची वनहक्क समिती आधीच कागदावर तयार असते आणि तिच्यात वाड्यावरचं एकही माणूस नसतं. कायद्यातली 'गाव' ही व्याख्या मात्र वेगळी आहे. कलम २(त) मध्ये वनगावं, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावं ही महसुली गाव म्हणून जाहीर झालेली असोत वा नसोत, 'गाव'च धरली आहेत. तुमचा वाडा ही जुनी वस्ती आहे. म्हणून वाड्यावरच्या सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांची स्वतंत्र ग्रामसभा हा वनहक्कापुरता तुमचा अधिकार आहे. पहिली सभा बोलावायचं काम नियमांनी ग्रामपंचायतीवर टाकलंय. त्यामुळं सरपंच आणि ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रती तहसीलदार व प्रांताधिकाऱ्यांना द्या. पोच घ्या. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

ही मागणी भांडणाच्या सुरात करू नका. मूळ गावाशी तुमचं देणंघेणं आहे : दूध तिथंच जातं, रेशन तिथंच मिळतं, शाळाही तिथंच. गावच्या लोकांना आधी सांगा, की तुमचा सरपण-चाऱ्याचा वापर आम्ही बंद करायला निघालो नाही. दोन गावांच्या पारंपरिक हद्दी एकमेकांत शिरत असतील, तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर कसा चालत आलाय ते लिहायचं, अशी तरतूद नियमांत आहेच. हे आधी न केलेले दावे प्रांतांच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण शेजारच्या गावाचं एक हरकतीचं पत्र त्याला पुरतं.

सभा कधी घ्यायची, हाही कायद्याचाच प्रश्न आहे. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर किमान निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात, आणि दाव्यांवर ठराव करताना दावेदारांपैकी किमान निम्मे लागतात. वाड्यावरची तरणी माणसं कोल्हापुरात, इचलकरंजीत, मुंबईत कामाला. म्हणून दसऱ्याला किंवा जत्रेला, सगळी घरी असतात तेव्हाच तारीख धरा. हजेरीवर सही किंवा अंगठा प्रत्येकाचा. दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायची आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका. नावापुरत्या नकोत. हिरडा कुठं मिळतो, कुठलं पाणी उन्हाळ्यात टिकतं, म्हसरं कुठल्या वाटेनं जातात हे बायांना जास्त नेमकं माहीत असतं, आणि मोजणीच्या दिवशी तेच कामाला येतं.

'दावे करायची मुदत कधीच संपली' असंही तुम्हाला सांगतील. कायद्यात अशी शेवटची तारीख नाही. ग्रामसभेनं दावे मागवल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे असतात, आणि कारण नोंदवून ग्रामसभा ती मुदत वाढवू शकते.

दाव्यांचे तीन नमुने आहेत. नमुना 'अ' वैयक्तिक, घर आणि कसत असलेल्या जमिनीसाठी, जास्तीत जास्त चार हेक्टर. नमुना 'ब' सामूहिक वापरासाठी. नमुना 'क' सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. सगळ्यांची धाव 'अ'कडं असते, कारण त्यात सातबाऱ्यासारखं काहीतरी हाती येईल असं वाटतं. मी मात्र 'ब' आणि 'क' आधी भरायला सांगतो. धनगराचं जगणं नाचणीच्या तुकड्यावर कमी आणि चराईवर जास्त उभं आहे. कलम ३(१)(घ) मध्ये चराई स्पष्ट शब्दांत आहे, भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापरासकट. गौण वनोपज, म्हणजे आपल्याकडं हिरडा, शिकेकाई, मध, औषधी मुळ्या, बांबू, हे गोळा करण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क कलम ३(१)(ग) मध्ये आहे. 'क' मिळाला की जंगलाच्या व्यवस्थापनात ग्रामसभा कायदेशीर पक्ष होते. मग तुमच्याशी 'अतिक्रमण करणारे' म्हणून बोलता येत नाही. शिवाय वैयक्तिक दाव्यांत घराघरांत फाटाफूट होते. सामूहिक दाव्यात वाडा एका बाजूला राहतो.

जंगल अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात आहे, हे कारण चालत नाही. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही आहेत, आणि सामूहिक वनसंसाधनाच्या व्याख्येतही. दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. यांतल्या कुठल्याही अधिसूचनेनं वनहक्क आपोआप संपत नाहीत.

आता पुरावा. खरं काम इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिली गोष्ट : पंचाहत्तर वर्षं राहिल्याची आणि अवलंबून असल्याची दाखवायची आहेत, एकाच तुकड्यावर कसल्याची नव्हे. वैयक्तिक जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की झालं. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं हे स्पष्ट केलंय, तरी खालच्या समित्यांत दोन्हींची सरमिसळ होते आणि 'या गटात १९३० पासून ताबा सिद्ध होत नाही' असा शेरा मारून दावा फेटाळला जातो. तो शेरा चुकीचा आहे आणि अपिलात त्याच मुद्द्यावर बोट ठेवायचं.

दुसरी गोष्ट : २००५ मधून पंचाहत्तर वजा करा. १९३० येतं. तेव्हा इथं जिल्हाधिकारीही नव्हता आणि मुंबई इलाख्याचं वनखातंही नव्हतं. राजाराम महाराजांची कारकीर्द चालू होती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आधी पश्चिमेकडचा बराच डोंगराळ मुलूख विशाळगड आणि बावड्यासारख्या जहागिरींकडं होता. त्यामुळं इतर जिल्ह्यांत जो कागद तहसीलमध्ये मिळतो, तो आपल्याकडं संस्थानच्या किंवा जहागिरीच्या दप्तरात शोधावा लागतो. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात 'पूर्वीच्या संस्थानांनी दिलेले हक्क, सवलती, नकाशे, नोंदी' असा स्वतंत्र उल्लेख आहे. तो जणू आपल्यासाठीच लिहिलाय, आणि आपल्या जिल्ह्यातल्या फारच थोड्या दाव्यांत तो वापरलेला दिसतो.

काय शोधायचं? चराईच्या फाळ्याच्या, म्हणजे कराच्या, नोंदी. जंगलखात्यानं म्हसरांमागं पैसे घेतल्याच्या पावत्या. कुमरीला, म्हणजे डोंगरउतारावर फिरती नाचणी-वरी करायला, दिलेली परवानगी किंवा केलेली मनाई. मनाईसुद्धा उपयोगी, कारण ज्याला मनाई केली तो तिथं होता हे तीच सांगते. वाड्याचं नाव असलेले जुने मोजणी नकाशे. जन्म-मृत्यूच्या नोंदीचं गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात राहण्याचं ठिकाण म्हणून वाड्याचं नाव. संस्थानची कागदपत्रं कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात, नमुना १४ तहसीलच्या अभिलेख कक्षात. बरंच काही मोडीत आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून सरकारी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारी माणसं कामाला लागली, पुष्कळ कागद स्कॅन झाले. त्याच रजिस्टरांत धनगरवाड्यांच्याही नोंदी आहेत. तालुक्याला विचारा, कुठल्या गावाची कुठली वर्षं स्कॅन झाली. तुम्ही कॉलेजात शिकता, तर शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात जाऊन मोडी वाचणारा कुणी भेटतो का बघा.

१८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आहे. त्यात डोंगरातल्या गवळी धनगरांबद्दल लिहिलेलं सापडतं. गॅझेटियर हा नियमानं मान्य पुरावा आहे. तुमच्या वाड्याचं नाव त्यात नसेल कदाचित, पण त्या भागात हा समाज तेव्हाही राहत होता एवढं त्यातून उभं राहतं आणि बाकीचं इतर पुराव्यांनी भरायचं.

कागद सापडलाच नाही तर? तरीही दावा पडत नाही. घराची जोती, विहीर, पाणवठा, दगडी बांध, गोठ्याच्या भिंती, वाघजाईचं किंवा म्हसोबाचं ठाणं, थडगी, देवराई, हे सगळं नियमानं पुरावा आहे. वंशावळ हा पुरावा आहे. दावेदार नसलेल्या वयस्कर माणसाचं लिहून घेतलेलं निवेदन हाही पुरावा आहे. कुठलेही दोन वेगळे पुरावे एकमेकांना धरून असले की समितीला ते विचारात घ्यावेच लागतात, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. माझा आग्रह असतो तो म्हाताऱ्यांच्या निवेदनाचा, आणि ते आत्ताच घेण्याचा. निवेदन मोघम नको. 'आम्ही पूर्वापार इथं राहतो' या वाक्याला किंमत नाही. 'माझ्या आज्याचं नाव अमुक, त्याचं जोतं अमुक ओढ्याच्या डाव्या अंगाला, प्लेगच्या साली तो अमुक कोंडीतून इकडं आला, म्हसरं पावसाळ्यात अमुक सड्यावर असायची, फॉरेस्टची पावती अमुक नाक्यावर फाडायचो', असं नाव-गाव-जागेसकट लिहा. मूळ गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं निवेदन जोडलंत तर आणखी बरं. त्याचा तुमच्या दाव्यात स्वार्थ नाही.

उपग्रहाच्या चित्रांचं एक दुखणं आहे. कुमरीची जमीन काही वर्षं पड टाकतात. २००५ च्या सुमाराच्या चित्रात तिथं झुडपं दिसतात आणि 'शेती आढळत नाही' असा शेरा येतो. उपग्रह चित्र हे पूरक साधन आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, असं २०१२ च्या नियमांत लिहिलंय. स्थळपाहणीत दगडांच्या ताली आणि जुने बांध दाखवा, फोटो काढा, पंचनाम्यात ते लिहून घ्या. वनखात्यानं कधी अतिक्रमणाचा गुन्हा दाखल केला असेल किंवा दंड घेतला असेल, तर ती पावती लपवू नका. त्यावर तारीख आहे, जागा आहे, तुमच्या माणसाचं नाव आहे. त्याहून चांगला ताब्याचा पुरावा वनखातं स्वतः तयार करून देणार नाही.

पाहणीला वन आणि महसूलची माणसं आली नाहीत तर? लेखी कळवलेलं असू द्या. ते आले नाहीत आणि नंतर 'आम्ही हजर नव्हतो' म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीला परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. नकाशे आणि मतदारयाद्या ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं, म्हणजे प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचं काम आहे. ते मागायला लाजू नका. मोजणी पाऊस उघडल्यावर ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जीपीएस घेऊन फिरणं धोक्याचंही आहे आणि कामही चुकतं.

एक गोष्ट मधेच सांगतो, कारण यात फसगत होते. तुमच्या वाड्याची काही घरं वनजमिनीवर आणि काही गायरानावर असतील, तर दोन्ही प्रकरणं वेगळी. गायरान ही महसुली जमीन. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हाभर ज्या नोटिसा निघाल्या, त्या गायरानाच्या. वनहक्क कायद्याचं संरक्षण जमीन वनजमीन असेल तरच. म्हणून दावा लिहायच्या आधी गट नंबर, वनखात्याचा कंपार्टमेंट नंबर आणि सातबाऱ्यावरचा कब्जेदार, तिन्ही तपासा.

आता पॅकेजचं. व्याघ्र प्रकल्पातल्या स्वेच्छा पुनर्वसनासाठी कुटुंबामागं पूर्वी दहा लाख होते, २०२१ पासून पंधरा लाख आहेत. घ्यायचं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. पावसाळ्यात बाळंतपणाला बाईला डोलीतून खाली आणावं लागतं, पोरांना पाचवीनंतर शाळा नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना खाली यावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण क्रम महत्त्वाचा. वनहक्क कायद्याचं कलम ४(२) आणि वन्यजीव कायद्याचं कलम ३८-व्ही, दोन्ही सांगतात, की आधी हक्कांची मान्यता पूर्ण व्हायला हवी. सहजीवन शक्य नाही हे ठरायला हवं. ग्रामसभेची माहितीपूर्ण, मोकळी संमती हवी. आणि नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्याशिवाय हलवता येत नाही. घरोघर फिरून कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. तसंच कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हटवता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला होता, तो त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगित झाला. कुणी अजून त्याचा धाक घालत असेल तर हे सांगा.

हक्क आधी नोंदवण्याचं कारण साधं आहे. ज्याचा हक्क कागदावर आहे, त्याच्याशी वाटाघाट होते. चांदोलीतून उठलेल्या लोकांना जमिनीसाठी, प्लॉटसाठी, पाण्यासाठी कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर किती वर्षं बसावं लागलं ते या शहरानं पाहिलंय. त्यांतली पुष्कळ घरं हा कायदा येण्याआधीच उठली. जे १३ डिसेंबर २००५ च्या आधी पुनर्वसनाशिवाय बेकायदा हटवले गेले, त्यांच्यासाठीही कलम ३(१)(ड) मध्ये पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क आहे. तुमच्या वाड्यावर असं एखादं घर वरून येऊन राहिलं असेल तर त्यांचा दावा वेगळा लिहा.

आणि खाली यायचं नसेल तर रस्ता, वीज, पाणी मागायला याच कायद्यात जागा आहे. कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची केंद्रीय मंजुरी लागत नाही. यासाठी हक्काचा दावा मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही. जागा अभयारण्याच्या आत असेल तर वन्यजीव कायद्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो, कारण ही सूट फक्त १९८० च्या कायद्यापुरती आहे. म्हणून रस्त्याची आखणी शक्यतो हद्दीबाहेरून मागा.

आपल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या बाजूला त्याचं उत्खनन झालंय, पुढंही मागणी येणार. ओडिशात नियमगिरीचा डोंगरही बॉक्साइटचाच. तिथं १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांचं म्हणणं घ्यायला सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. त्या सभा जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली झाल्या आणि नकार टिकला. आता तो मार्ग तितका सोपा राहिलेला नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २००९ च्या परिपत्रकानं वनजमीन वळवायच्या प्रस्तावासोबतच ग्रामसभेची संमती लागायची. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ती पायरी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याच्या अंगावर टाकली. मला हा बदल अन्यायाचा वाटतो, कारण सगळं ठरल्यावर विचारलेल्या संमतीला दबावाखेरीज दुसरा अर्थ राहत नाही. अशा वेळी सामूहिक वनसंसाधनाचा हक्क आधीच मंजूर असलेली ग्रामसभा आणि नुसतीच 'वस्ती' यांच्या ताकदीत फार फरक पडतो.

हक्क मिळाला की जमीन वारसांना जाते, पण विकता येत नाही, तबदील करता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे होते. आंबा घाटात आणि गगनबावड्याकडं रिसॉर्टसाठी जागा बघत फिरणारे एजंट वाड्यावरही येतात. 'करारावर सही करा, पुढचं आम्ही बघतो' म्हणतात. त्या कराराला कायद्यात किंमत नाही, पण त्यापोटी घेतलेले पैसे आणि भांडण तुमच्या मानगुटीवर बसतं. ग्रामसभेत पहिल्याच दिवशी ठराव करून ठेवा, की असा व्यवहार कुणी करणार नाही.

दावा फेटाळला तर? प्रांतांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला लेखी, सकारण आदेश द्यावा लागतो आणि तो दावेदाराला कळवावा लागतो. 'पुरावा अपुरा' एवढ्या दोन शब्दांना कारण म्हणत नाहीत. पुरावा अपुरा वाटला तर दावा ग्रामसभेकडं परत पाठवायचा असतो. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडं आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडं साठ दिवसांत जायचं. आदेश मिळाल्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा, कारण निकाल वाड्यापर्यंत पोचायलाच महिने लागतात आणि मुदत कळल्यापासून मोजायची, हे नंतर सिद्ध करावं लागतं. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम असतो, त्यावर रिट याचिका उच्च न्यायालयात. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. म्हसरं कुणावर टाकून जायचं इथपासून प्रश्न असायचा, आणि चांगली प्रकरणंही तिथंच सोडून दिली जायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. आता सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी परत जाता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून याचिकेत वाड्यावरच्या बायांची नावं पुढं ठेवा.

या महिन्यात तुम्ही करायचं ते इतकंच : वाड्यावरच्या सगळ्या प्रौढांची नावानिशी यादी, सरपंच आणि प्रांतांना स्वतंत्र ग्रामसभेच्या मागणीचा अर्ज, आणि सगळ्यात म्हाताऱ्या दोन-तीन माणसांची निवेदनं. निवेदनं मोबाइलवर रेकॉर्ड करून मग लिहून काढलीत तरी चालेल, फक्त शेवटी त्यांना वाचून दाखवून अंगठा किंवा सही घ्या. अर्जाची पोच हाती आली की तिची झेरॉक्स आणि निवेदनं घेऊन या. पुरालेखागारात काय मागायचं, याचा अर्ज आपण बसून लिहू.